मागच्या पट्टीतले खातेदार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभागृहात भरवलेल्या छायाचित्र-प्रदर्शनाच्या वेळी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



समितीने मला बोलायला वीस मिनिटं दिली आहेत. ३८ वर्षं बँकेत काढल्यामुळे काउंटर वेळेवर बंद करायची सवय आहे, तेव्हा काळजी नसावी.

भिंतीवर एकंदर ६० फोटो लावले आहेत. बहुतेक आपल्या आवारातले, काही मागच्या नाल्याकाठचे आणि थोडे वेताळ टेकडीवरचे. यात गुलाब नाही, जास्वंद नाही, कुंडीतलं एकही झाड नाही. ज्यांना कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही आणि माळीबुवा ज्यांना दर महिन्याला उपटून टाकतात, अशा रानटी झाडांचे हे फोटो आहेत. त्यातले निम्मे तर झाडांचेही नाहीत. झाड जिथे होतं तिथे ते मागे काय ठेवून गेलं, त्याचे आहेत. त्यामुळे सकाळपासून चार जणांनी मला विचारलं, "काका, पहिलाच फोटो नुसत्या सिमेंटचा का लावलाय?"

त्या सिमेंटपासूनच सुरुवात करतो.

पंपरूमच्या दारासमोर जो ओटा आहे, त्याच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा एक ठसा आहे. पिंपळाच्या पानाचा. बदामाचा आकार, मधली शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा आणि पुढे निघालेलं लांब शेपटीसारखं टोक. २००० साली ओट्याचं सिमेंट ओलं असताना ते पान तिथे पडलं असणार. गवंड्याने ते उचललं नाही. पान कुजून गेलं, ठसा राहिला. आपण सगळे २५ वर्षं त्याच्यावरून चालतो आहोत. मीसुद्धा २०१९ पर्यंत तो पाहिला नव्हता. एकदा सकाळी साडेसातला पाण्याची वेळ बघायला गेलो होतो. ऊन तिरपं पडलं होतं, आणि एकदम तो दिसला. दुपारी बाराला पुन्हा गेलो तर काही नाही, नुसतं सिमेंट!

हे पान आलं कुठून? पहिल्या वर्षी राहायला आलेल्या कुटुंबांना आठवत असेल, मागच्या गेटबाहेर एक मोठा पिंपळ होता. रिक्षावाले त्याच्या सावलीत थांबायचे. रस्ता रुंद झाला त्यात तो गेला. मी मुद्दाम आपल्या जुन्या मंडळींचे अल्बम मागून पाहिले. बारशाचे, सत्यनारायणाचे, पहिल्या गणपतीचे फोटो चाळले. त्या पिंपळाचा एकही फोटो कुणाकडे नाही. म्हणजे इथे पिंपळ होता, याचा आपल्या आवारातला एकमेव पुरावा म्हणजे तो सिमेंटमधला ठसा.

बँकेत आम्ही खातं उघडताना खातेदाराच्या नमुना सहीचं कार्ड घेत असू. ते कपाटात ठेवायचं. पुढे खातेदार परगावी जाईल, म्हातारा होईल, देवाघरीही जाईल, पण कार्डावरची सही तशीच राहते. त्या ओट्यावर मला तेच कार्ड सापडलं असं वाटलं.

आता मी या नादाला लागलो कसा, ते थोडक्यात सांगतो. श्रेय माझं नाही. आमच्या सौभाग्यवती समोरच बसल्या आहेत, त्यांचं आहे. २०१८ मध्ये त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. दोन-अडीच महिने खाली उतरता येईना. त्या मूळच्या वर्धा जिल्ह्यातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. पहिला पाऊस पडला की गॅलरीतून विचारायच्या, "अहो, मागे काय काय उगवलंय?" मी सांगायचो, "गवत." कारण मला सगळं गवतच दिसायचं! त्या वैतागून म्हणाल्या, "फोटो तरी काढून आणा." मुलाने दिलेला मोबाइल घेऊन मी खाली गेलो, चार फोटो काढून आणले. त्यांनी ते बोटांनी मोठे करून बघितले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हा तरोटा. हा केना. हे कुर्डू. आणि हे चौथं काय आहे ते कळत नाही, तुमचं बोट आलंय."

तेव्हापासून रोजचं काम लागलं. मी खाली जाऊन फोटो काढायचे, त्यांनी वर बसून नावं सांगायची. हळूहळू कळलं की त्या ज्याला तरोटा म्हणतात, त्याला ए विंगमधल्या आमच्या कोकणातल्या वहिनी टाकळा म्हणतात. झाड एकच. पहिल्या पावसात उगवतं, कोवळ्या पाल्याची भाजी होते, रात्री पानं मिटतात. आपल्या सोसायटीत कोण कुठल्या गावाहून आलं, हे या झाडांच्या नावांवरून ओळखता येतं. झाडांची एक खूण अशी भाषेतही राहते. पिंपरी-चिंचवड हे नाव घ्या. कारखाने आले, पूल आले, मेट्रो आली, तरी नावात पिंपळ आणि चिंच आहेतच.

आता फोटोंबद्दल. मी काही फोटोग्राफर नाही. कॅमेरा नाही, साधा मोबाइल आहे. चार गोष्टी मात्र पाळतो, त्या सांगतो, म्हणजे कुणाला करायचं असेल तर उपयोग होईल.

एक, झाड उपटायचं नाही. फोटोसाठी फांदीही मोडायची नाही. दोन, नुसत्या फुलाचा फोटो काढून भागत नाही. पूर्ण झाड, पान दोन्ही बाजूंनी, फूल, फळ, आणि ते उगवलंय कुठे ती जागा, हे सगळं घ्यायचं. तीन, मोजमाप कळावं म्हणून शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवायचं. नंतर ते आठवणीने उचलायचं, माझी दोन गेली आहेत. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तारीख आणि जागा लिहायची, आणि त्याच जागेचा फोटो पुन्हा पुन्हा काढायचा. खुणा बघायच्या असतील तर सकाळी किंवा संध्याकाळी जावं. तिरप्या उन्हात सिमेंटवरचा उथळ ठसासुद्धा सावली धरतो.

या नियमाने फोटो काढायला लागल्यावर काय काय दिसू लागलं ते भिंतीवर आहेच. पावसाळ्यात ओल्या फरशीवर पडून राहिलेल्या पानाचा चहासारखा तपकिरी डाग पाहा. पानातला टॅनिन नावाचा पदार्थ पाण्यात उतरतो आणि सिमेंटमध्ये मुरतो. पान वाऱ्याने गेलं तरी डाग काही आठवडे राहतो. नववा फोटो पाहा. कंपाउंडच्या धुळकट भिंतीवर कंपासने काढावा तसा अर्धगोल आहे. तो एका गवताच्या काडीने काढला आहे. वारा आला की काडी एका बाजूने दुसऱ्या बाजूला झुलते आणि तेवढीच भिंत पुसून निघते. चौदावा फोटो माझ्या स्वतःच्या पायमोज्याचा आहे, त्याबद्दल क्षमस्व. वेताळ टेकडीवरून येताना त्यात कुसळं घुसली. कुसळाची लांब शेपटी ओल लागली की उलगडते आणि वाळली की पीळ घेते. या उलगडण्या-पिळण्यातून ते बी जमिनीत स्क्रूसारखं शिरतं. माझा मोजा त्याला जमीनच वाटला. शेजारी आघाडा आहे. गणपतीच्या पत्रीत आपण तो विकत आणतो, आणि मागच्या पट्टीत तोच आपल्या साडीला, धोतराला फुकट चिकटतो.

आता एक गोष्ट, जी बी विंगच्या मंडळींना आठवेल. बी विंगच्या मागे मी एका कोपऱ्याचा फोटो दर महिन्याला काढत होतो. फेब्रुवारीत बाकी सगळं वाळलं, पण तिथे चटईएवढा एक तुकडा हिरवा राहिला. मार्चमध्येही हिरवा. एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले, तरी तो हिरवाच. सौ.ना फोटो दाखवले. त्या म्हणाल्या, "हा माका आहे आणि बाजूला लव्हाळा. माका ओल असल्याशिवाय राहत नाही. उन्हाळ्यात याला पाणी कोण घालतंय?" मी चार महिन्यांचे फोटो एका कागदावर छापून सेक्रेटरींना दिले. त्यांनी प्लंबर बोलावला. तिथे खणलं तर टाकीकडे जाणारा पाइप सांध्यात गळत होता. वर पाण्याचा थेंब दिसत नव्हता. आपण टँकरचे पैसे भरत होतो आणि ते पाणी माका पीत होता. त्या माक्याने चार महिने आधी नोंद केली होती, फक्त आपण ती वाचली नव्हती.

ही गोष्ट सांगताना मला बरं वाटतं. पुढची सांगताना वाटत नाही, पण आज सांगायची ठरवली आहे.

२००८ साली मी सोसायटीचा खजिनदार होतो. ए विंगच्या गच्चीच्या कठड्यात पिंपळाचं रोप उगवलं होतं. पक्षी पिंपळाची फळं खातात, त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या भेगेत पडतं, हे तुम्हाला माहीत आहे. वरच्या मजल्यावर ओल येत होती. सगळे म्हणाले, पिंपळाने भिंत फोडली. मी व्हाउचरवर सही केली, माणूस बोलावला, त्याने रोप तोडून मुळावर ॲसिड टाकलं, वरून सिमेंट थापलं. पुढच्या पावसाळ्यात ओल पुन्हा आली. रोप नव्हतं, तरी ओल होती.

बऱ्याच वर्षांनी मी तोच कठडा रोज पाहायला लागलो तेव्हा लक्षात आलं की रोप फुटतं ते कोरड्या, धड भिंतीत नाही. आधी चीर पडते, तिथे पाणी मुरतं, धूळ साचते, मग बी रुजतं. गच्चीचा उतारच चुकीचा होता. पाणी त्या कोपऱ्यात साचत होतं. पिंपळाची मुळं चीर रुंद करतात, हे खरं आहे. ते रोप काढायलाच हवं होतं, इमारतीवर पिंपळ ठेवता येत नाही. पण ते काढण्याआधी ते तिथेच का आलं, हे विचारायला हवं होतं. आम्ही तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाला बाहेर काढलं आणि तक्रार निकाली निघाली असं लिहून टाकलं. दुसऱ्यांदा दुरुस्तीचा खर्च झाला तो तुमच्या सिंकिंग फंडातून. त्या व्हाउचरवरची सही माझी आहे.

व्हाउचर हा शब्द पुन्हा एका ठिकाणी भेटला, आणि मला फार मौज वाटली. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ सालापासून आहे. अशा संस्थांत वाळवलेल्या झाडांचे नमुने जाड कागदावर चिकटवून ठेवतात. कोपऱ्यात चिठ्ठी असते. कुठे सापडलं, कधी, कुणी गोळा केलं. अशा नमुन्याला वनस्पतिशास्त्रज्ञ 'व्हाउचर स्पेसिमेन' म्हणतात. म्हणजे आमचं व्हाउचर आणि आमची नमुना सही, दोन्ही एकत्र! चिठ्ठी नसेल तर तो नुसता पाचोळा. पुण्यातल्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, प्राचार्य असलेल्या थिओडोर कुक यांनी अशाच नोंदींच्या आधारे मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. आजही इथली झाडं ओळखणाऱ्यांना तो उघडावा लागतो.

छोट्या मंडळींसाठी एक गोष्ट. फोटोसाठी कॅमेरा लागतोच असं नाही. इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्स नावाच्या बाईंनी १८४३ मध्ये समुद्री शेवाळं रसायन लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरली. ऊन लागलं तिथे कागद निळा झाला, शेवाळाखाली पांढरा राहिला. ते ठसे घेऊन त्यांनी पुस्तक केलं, आणि फोटो असलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. तुम्हाला रसायन नको. गडद रंगाचा पतंगाचा कागद घ्या, त्यावर पडलेलं पान ठेवा, वर काच ठेवा आणि गच्चीवर चांगल्या उन्हात काही दिवस राहू द्या. रंग उडेल, पानाखालचा राहील. तेविसावा फोटो आमच्या नातीने केलेल्या अशाच कागदाचा आहे. पान आघाड्याचं आहे.

आता दोन फोटो शेजारी शेजारी लावलेत, एकतीस आणि बत्तीस. जागा एकच, मीटररूमची मागची भिंत. एकतीसमध्ये रुईचं झुडूप आहे. पानं कुरतडलेली, आणि त्यावर पांढरे, काळे, पिवळे पट्टे असलेली अळी. ती पुढे काळ्या कडांचं केशरी फुलपाखरू होते, इंग्रजीत त्याला प्लेन टायगर म्हणतात. त्याच्या अळ्या रुईसारख्या चिकाच्या झाडांवरच वाढतात. बत्तीसमध्ये भिंत स्वच्छ आहे. रुई काढली, रंग दिला. भिंत छान दिसते. त्या वर्षी मला आपल्या आवारात ते फुलपाखरू एकदाही दिसलं नाही. त्याचा फोटो कसा काढणार? म्हणून रिकाम्या भिंतीचा काढला.

कुणी म्हणेल, काका आता सगळं रान माजू द्या म्हणतील. तसं मुळीच नाही. गाजरगवत उपटलंच पाहिजे. ते मूळचं अमेरिकेकडचं. भारतातली त्याची पहिली शास्त्रीय नोंद १९५६ साली छापली गेली, आणि ती आपल्या पुण्यातलीच होती. आता देशभर झालंय. त्याने अंगाला खाज येते, काहींना दम्याचा त्रास होतो. फुलायच्या आधी, हातमोजे घालून, मुळासकट काढायचं. फुलल्यावर काढलं तर बी पसरतं. ते खाणारा एक मेक्सिकन भुंगेरा १९८४ मध्ये बंगळूरला सोडला होता. पावसाळ्यात त्याने चाळण केलेली पानं आपल्याकडेही दिसतात, फोटो लावला आहे. म्हणजे रानटी तेवढं चांगलं, असं माझं म्हणणं नाही. बघितल्याशिवाय काढू नका, एवढंच आहे.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने आजच्या बोलण्याचं कारण. गेल्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला आहे की पंपरूमपासून मागच्या गेटपर्यंतची पट्टी पेव्हर ब्लॉक घालून पक्की करायची. पंपरूमचा ओटा फोडायचा. काम दिवाळीनंतर सुरू होईल. त्या सभेत मी होतो. मी विरोधात हात वर केला नाही, बाजूनेही केला नाही. गप्प बसलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी वाद कशाला, असं वाटलं. घरी आल्यावर सौ.नी विचारलं, "तुम्ही का नाही बोललात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर आज देतो आहे.

ठराव ज्यांनी मांडला त्यांची बाजू मला मान्य आहे. शेवाळावरून आपल्या एक आजी तिथे घसरल्या, महिनाभर अंथरुणावर होत्या. मुलांना विंचू-काट्याची भीती. पावसात चिखल. हे सगळं खरं आहे. पण ती पट्टी सहा फूट रुंद आहे. चालायला अडीच फूट पुरतात. अडीच फुटांवर खरबरीत शहाबादी फरशी घालू, आजींसाठी भिंतीला दांडा बसवू. उरलेले साडेतीन फूट माती राहू द्या. तिथे पाणी मुरेल. आवारात उघडी माती उरली आहे ती तेवढीच. बाकी सगळ्यावर आपण पार्किंग केलं आहे, त्यात माझंही आहे. आणि पुढच्या वेळी पाइप गळला तर सांगायला तिथे कुणीतरी उगवायला नको का?

ओट्याचंही तसंच. फोडायचा असेल तर फोडा, पण तो कोपरा आधी कटरने कापून घ्या. दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा. त्याचा खर्च मी देतो. तो या सभागृहाच्या दाराशी भिंतीत बसवू. खाली कुणाचं नाव नको, उद्घाटक नको. नुसतं लिहू, पिंपळ, मागचं गेट, २०००.

सेक्रेटरींकडे मी एक कोरी वही दिली आहे. ऑफिसात टेबलावर आहे. तारीख, जागा, काय दिसलं, एवढे तीन रकाने आखले आहेत. नाव माहीत नसेल तर रकाना रिकामा सोडा. बुधवारी संध्याकाळी सौ. खाली येऊन बसतात, हल्ली त्यांना लिफ्टने येता येतं. त्या भरून टाकतील. फक्त फोटोत बोट येऊ देऊ नका, त्यावर त्या फार बोलतात.

पहिली नोंद मी केली आहे. जागा, ए विंगची गच्ची, तोच कठडा. काय दिसलं, तर पिंपळाचं रोप, चार पानं. यावेळी ते काढण्याआधी उताराची तपासणी व्हावी, अशी कार्यकारिणीला विनंती आहे.

वेळ संपली आहे. काउंटर बंद करतो.